बर्फाखालचा मासा आणि राहिलेले उत्तर

शाळेच्या वार्तापत्रासाठी काहीतरी लिहून द्यावे, असा निरोप घेऊन मागच्या महिन्यात दोन विद्यार्थिनी घरी आल्या होत्या. "सर, विषय कोणताही चालेल, पण आम्हाला समजेल असं लिहा," एवढीच त्यांची अट होती. निवृत्त माणसाकडे सांगण्यासारखे फारसे नसते. सकाळी किल्ल्याच्या तळ्यापर्यंत फेरी, दुपारी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी औषधाच्या गोळ्या, असा माझा दिवस जातो. पण २०२३ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत मुलीकडे असताना एक गोष्ट घडली. तिचा संबंध आपल्या शाळेच्या एका वर्गाशी आणि माझ्या एका चुकीशी आहे. म्हणून तीच लिहितो. विषय मासे धरण्याचा आहे. विज्ञानाच्या मास्तराने गळ आणि आमिषावर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल, पण शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

मी १९७९ ते २०१० अशी एकतीस वर्षे आपल्या शाळेत विज्ञान शिकवले. त्यात एक धडा दरवर्षी यायचा, 'पाण्याचे असंगत आचरण'. बहुतेक पदार्थ थंड केले की आकुंचन पावतात. पाणीही पावते, पण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याहून थंड केले की ते उलट प्रसरण पावू लागते. म्हणजे ४ अंशांचे पाणी सर्वांत जड, ते तळाशी जाते. त्याहून थंड पाणी हलके, ते वर राहते आणि गोठते. बर्फ तर पाण्यापेक्षाही हलका, म्हणून तो वरच तरंगतो. त्यामुळे थंड प्रदेशात तळ्यावर बर्फ असला तरी खाली मासे जिवंत राहतात. 'शास्त्रीय कारणे द्या' या प्रश्नात हे हमखास विचारले जायचे. माझ्या मुलांना ते तोंडपाठ असायचे, आणि मला तर झोपेतसुद्धा सांगता आले असते.

मात्र एकतीस वर्षांत मी गोठलेले तळे कधी पाहिले नव्हते. बेळगावच्या थंडीत स्वेटर आणि कानटोपी पुरते. बर्फ म्हणजे आपल्याकडे मासळी बाजारातल्या पाटीतला, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा.

मुलगी आपल्याच शाळेची विद्यार्थिनी. ती आणि जावई मिनेसोटा राज्यात, मिनिॲपोलिस शहराच्या जवळ राहतात. हे राज्य कॅनडाच्या सीमेला लागून आहे. तिथल्या मोटारींच्या नंबरपाट्यांवर 'दहा हजार तळी' असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ भरतात. तिथल्या मूळच्या डकोटा लोकांच्या भाषेत पाण्याला 'म्नी' म्हणतात. मिनेसोटा, मिनेटोंका, मिनिॲपोलिस या सगळ्या नावांच्या आरंभी हे पाणीच आहे.

आम्ही दोघे मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोहोचलो. त्या हिवाळ्यात हिमवर्षाव भरपूर झाला होता. मुलीच्या घरापासून पाच मिनिटांवर एक तळे होते, पण मला ते तळे वाटलेच नाही. पांढरेशुभ्र मैदान, आणि त्यावर माणसे चालत होती! मी काठावर उभा राहिलो, पाऊल पुढे टाकायचे धैर्य होईना. माझा अकरा वर्षांचा नातू मात्र सरळ आत गेला आणि हात हलवू लागला. ४ अंशांचा धडा मला पाठ होता, पण पायांना तो पाठ नव्हता.

या नातवाबद्दल थोडे सांगायला हवे. त्याला मराठी समजते, पण बोलताना तो अडखळतो. फोनवर आम्ही इकडून दहा वाक्ये बोलायचो आणि तिकडून 'हो', 'नाही', 'बरं' एवढेच यायचे. तिथे गेल्यावरही पहिले तीन-चार आठवडे तसेच गेले. मी काही विचारले की तो आईकडे बघायचा. आज्जीचे त्याच्याशी खाण्यापिण्यावरून जमले, माझे काही केल्या जमेना. आपल्याच नातवाशी बोलायला दुभाष्या लागावा, याचे मनाला फार लागले होते.

एप्रिल उजाडला तशी शेजारपाजारच्या लोकांच्या बोलण्यात एकच विषय येऊ लागला, बर्फ कधी जाणार? तिथे त्याला 'आइस-आउट' म्हणतात. आपल्याकडे मृग नक्षत्र लागले की 'पाऊस कधी?' हा प्रश्न जसा सगळ्यांच्या तोंडी असतो, तसेच ते. मिनेटोंका नावाच्या मोठ्या तळ्याच्या बाबतीत तर १८५५ सालापासूनच्या नोंदी आहेत. साधारण एप्रिलच्या मध्यास ते मोकळे होते. २०१८ साली मात्र लोकांना ५ मेपर्यंत वाट पाहावी लागली होती.

मला वाटायचे, बर्फ हळूहळू पातळ होत एका कडेने विरघळत जात असेल. तसे नसते. आधी तो राखाडी होतो, मग काळपट दिसू लागतो. उन्हाने त्याच्यात उभ्या चिरा पडतात आणि सगळा थर उभ्या सळ्यांचा बनतो, जणू हजारो मेणबत्त्या शेजारी शेजारी लावून ठेवल्या आहेत. असा बर्फ फूटभर जाड असला तरी त्यावर पाय ठेवणे धोक्याचे. दोन-तीन दिवस कडक ऊन पडले आणि वारा सुटला. त्या सळ्या सुट्या होऊन लाटांबरोबर काठाला येऊ लागल्या. त्यांचा आवाज अगदी काचेच्या बांगड्या किणकिणाव्यात तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर तळे मोकळे! निळे पाणी हलत होते आणि मधोमध काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक पक्षी पोहत होता. तो लून, मिनेसोटाचा राज्यपक्षी. पाणी मोकळे होताच तो दक्षिणेकडून परत येतो.

त्याच दिवशी दुपारी नातू शाळेतून आला, दप्तर टाकले, आणि पहिल्यांदाच आईकडे न बघता थेट मला म्हणाला, "आज्जा, क्रॉपी धरायला येतोस?"

क्रॉपी हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. सनफिशच्या कुळातला. याच्या काळा आणि पांढरा अशा दोन जाती आहेत. मिनेसोटात बहुतेक करून काळा सापडतो. अंग चपटे, रंग रुपेरी, त्यावर काळे शिंतोडे उडवल्यासारखे ठिपके. चांगला वाढलेला मासा दहा-बारा इंचांचा असतो. स्पेलिंग बघून मी 'क्रॅपी' म्हटले, तर नातू हसून लोळला. दक्षिणेकडची मंडळी तसे म्हणतात, पण त्यांच्याकडे 'क्रॉपी'च म्हणायचे असते. माझे पहिले उच्चारशिक्षण तिथे झाले.

आमच्याबरोबर शेजारचे एक गृहस्थ आले. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, वयाने माझ्याएवढेच. सोळा वर्षांखालच्या मुलाला तिथे मासे धरायला परवाना लागत नाही, मला मात्र लागत होता. त्यांनी मला दुकानात नेऊन बहात्तर तासांचा परवाना काढून दिला. एका माणसाने एका दिवशी दहाच क्रॉपी ठेवायचे, हा राज्याचा नियमही त्यांनी तिथेच समजावून सांगितला. मग एका छोट्या बादलीत बोटाएवढे जिवंत मासे आमिष म्हणून घेतले आणि आम्ही पायीच निघालो.

वाटेत रस्त्याच्या कडेला एक उथळ डबके होते. त्याच्याही वरचा बर्फ नुकताच गेला होता. मी सहज डोकावलो आणि थबकलो. काठाला पंधरा-वीस मेलेले मासे पोट वर करून तरंगत होते. कुजका वास येत होता.

"हे कशाने मेले?" मी विचारले.

"विंटरकिल," नातू म्हणाला. मग शब्द शोधत, मधेच इंग्रजी घालत त्याने मला समजावले. ते मी माझ्या भाषेत सांगतो. वर बर्फाचे झाकण बसले की हवेतला प्राणवायू पाण्यात उतरायचा थांबतो. मासे गारठल्यामुळे मंद होतात, त्यांना प्राणवायू कमी लागतो. पाण्यात आधीच विरघळलेला असतो त्यावर त्यांचे चालते. स्वच्छ बर्फातून उजेड आत जात असेल तर पाणवनस्पती थोडा प्राणवायू तयारही करतात. पण बर्फावर हिमाचा जाड थर साचला की आत अंधार होतो. वनस्पती काम थांबवतात, मरतात, कुजतात, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. खोल तळ्यात पाणी पुष्कळ असते, साठा वसंतापर्यंत पुरतो. उथळ डबक्यात पुरत नाही. मग मासे गुदमरून मरतात. काही तळ्यांत म्हणून हिवाळाभर यंत्राने हवा सोडावी लागते.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"शाळेत. एका मुलीनं विचारलं, बर्फाखाली मासे श्वास कसा घेतात. मग टीचरनं आम्हाला इथे आणून दाखवलं."

विद्यार्थी मित्रांनो, हे ऐकले आणि मी त्या डबक्याच्या काठावर तसाच उभा राहिलो. हाच प्रश्न मला एकदा विचारला गेला होता.

१९८७ सालची गोष्ट. नववीचा वर्ग, हाच धडा. 'म्हणून मासे जिवंत राहतात' हे वाक्य मी फळ्यावर लिहिले आणि खडू खाली ठेवला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. तो राकसकोपच्या बाजूच्या एका खेड्यातून यायचा. अभ्यासात बेताचा, पण शांत मुलगा. तो म्हणाला, "सर, वरून झाकण बसलं तर खालचे मासे श्वास कसा घेतात? ते मरत नाहीत? तुम्ही बघितलंय काय?"

वर्ग हसला. मला वाटले, हा माझी थट्टा करतो आहे. खरे सांगायचे तर उत्तर मला येत नव्हते, आणि 'तुम्ही बघितलंय काय' हे वाक्य मला झोंबले होते. मी म्हणालो, "परीक्षेत विचारतात तेवढं लिही. नको ते शहाणपण इथे नको." आणि तास संपेपर्यंत त्याला वर्गाबाहेर उभे केले. पुढे दहावीत तो नापास झाला आणि शाळा सुटली. माझ्या रागावण्यामुळेच तसे झाले असे मी म्हणत नाही, घरची परिस्थितीही होती. पण त्या दिवसानंतर माझ्या तासाला त्याने पुन्हा कधी हात वर केला नाही, हे मला पक्के आठवते.

माझे वाक्य चूक नव्हते. ते अर्धे होते. तळाशी ४ अंशांचे पाणी राहते हे खरे, पण तेवढ्याने मासा जगत नाही, त्याला श्वासही लागतो. त्या मुलाने बरोबर राहिलेल्या अर्ध्यावर बोट ठेवले होते.

असो. आम्ही मोठ्या तळ्याशी पोहोचलो. मला वाटले, मोठे मासे खोल पाण्यात असणार. शेजाऱ्यांनी मात्र आम्हाला तळ्याच्या उत्तरेच्या काठाला, एका लहानशा खाडीसारख्या कोपऱ्यात नेले. पाणी जेमतेम तीन फूट, तळाला काळा चिखल, काठाला गेल्या वर्षीचे वाळलेले पाणकणीस आणि एक बुडालेले झाड. तिथल्या लोकांचे लाकडी धक्के अजून काठावरच रचून ठेवलेले होते. बर्फाने मोडू नयेत म्हणून ते हिवाळ्याआधीच पाण्यातून काढून घेतात. म्हणून आम्ही काठावरच उभे राहिलो.

"उत्तर बाजूच का?" मी विचारले. शेजारी म्हणाले, "तुम्ही विज्ञानाचे मास्तर ना, तुम्हीच सांगा!" मग लक्षात आले. त्या अक्षांशावर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उत्तरेच्या काठाला ऊन थेट मिळते. दक्षिण काठावर झाडांची सावली पडते. काळा चिखल उष्णता शोषून घेतो आणि उथळ पाणी लवकर तापते. मुलीच्या स्वयंपाकघरातला तापमापक मी खिशात घालून आणलाच होता. मोकळ्या बाजूला पाणी ५ अंश भरले, या कोपऱ्यात १० अंश. एकाच तळ्यात, दोनशे पावलांच्या अंतरात दुप्पट! ऊब आली की पाण्यातले सूक्ष्म जीव, किडे आणि लहान मासे तिथे जमतात, आणि त्यांच्या मागोमाग क्रॉपी येतात. अंडी घालायला त्यांना अजून अवकाश असतो. पाणी साधारण १६ ते २० अंशांवर गेले की ते वीण करतात, आणि त्या वेळी घरट्याची राखण नर करतो. आता ते येतात ते हिवाळाभराची भूक घेऊन. म्हणून सकाळपेक्षा दुपार चांगली, आणि ढगाळ दिवसापेक्षा उन्हाचा.

गळाची काठी हलकी, दोरा अगदी बारीक. दोऱ्याला लाल-पांढरा तरंगता गोळा, त्याला बॉबर म्हणतात. त्याच्या खाली दीड फुटावर छोटा गळ आणि आमिष. आमिष माशाच्या वर राहील असे ठेवायचे, कारण क्रॉपीचे डोळे वरच्या बाजूला असतात. तो खालून वर बघतो आणि वर येऊन खातो. खालचे आमिष त्याच्या लक्षात येत नाही.

लहानपणी मार्कंडेय नदीवर वेळूची काठी आणि गांडूळ घेऊन मी मासे धरले होते, त्यामुळे मला थोडा गर्व होता. बॉबर बुडाला आणि मी जोरात हिसका दिला. काठी हलकी झाली, मासा गेला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तर गळाला माशाच्या ओठाचा एक पातळ तुकडा तेवढा अडकून आला.

"आज्जा, ओढू नको," नातू म्हणाला. "त्याचं तोंड कागदासारखं असतं. नुसतं उचल. हळू."

खरेच, त्या माशाला तिथे 'कागदी तोंडाचा' असेच म्हणतात. तोंडाभोवतीचा पडदा इतका पातळ की हिसका दिला की फाटतो. नातवाने माझ्या मनगटावर आपला हात ठेवला आणि किती उचलायचे ते दाखवले. अगदी तीन-चार इंच. मग त्याने आणखी एक खूण सांगितली. बॉबर बुडेलच असे नाही. क्रॉपी आमिष घेऊन वर आला तर वजन सुटते आणि बॉबर आडवा होतो. मी इतका वेळ बॉबर बुडायची वाट बघत होतो. मासा मघाशीच आमिष तोंडात घेऊन गेला होता.

पुढच्या खेपेला बॉबर आडवा झाला. मी हळूच काठी उचलली. दोरा ताठ झाला, काठीचे टोक थरथरले, आणि हाताएवढा रुपेरी मासा उन्हात लखलखत वर आला. नातू ओरडला, "आज्जा, दहा इंच!" मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी नववीतल्या पोरासारखा उडी मारणार होतो, पण त्याने माझा सदरा धरला. "पाण्यात पडू नको, मरशील." तेही खरे. बर्फ नुकताच गेलेल्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांतच गारठून काम करेनासे होतात. म्हणून तो स्वतः काठावरसुद्धा तरंगते जाकीट घालून उभा होता.

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून तेरा मासे धरले. सहा ठेवले, सात सोडले. नियमाने आणखी ठेवता आले असते. पण शेजारी म्हणाले, थंड तळ्यातला मासा एवढा व्हायला कित्येक वर्षे लागतात, आणि या दिवसांत सगळे एकाच कोपऱ्यात गोळा झालेले असतात. आज भरपूर मिळतात म्हणून सगळे नेले तर पुढच्या वर्षी हा कोपरा रिकामा. एका जेवणापुरते न्यावेत. हे मला फार आवडले.

परतताना नातू अखंड बोलत होता. कुठल्या माशाला काय आमिष, लूनचा आवाज कसा, शिशाची गोळी गिळली तर तो पक्षी विषाने कसा मरतो. मराठी तुटके होते, पण त्याचे त्याला भान नव्हते. मला कळले की मी त्याला आजवर फक्त प्रश्न विचारत होतो, जेवलास काय, अभ्यास झाला काय. त्याला येते असे काही मी कधी त्याच्याकडून शिकायलाच बसलो नव्हतो.

शेजाऱ्यांनी माशांचे काटे काढून पातळ तुकडे करून दिले. आज्जी म्हणाली, "डोकी कुठे टाकली? सार झालं असतं!" मग तिने तिखट, हळद, लसूण आणि बेळगावहून नेलेले आगळ लावून, तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून ते तळले. मांस पांढरे, मऊ आणि चवीला गोड. आपल्या बाजारात गोव्याकडून येणाऱ्या बांगड्याचा उग्रपणा त्याला नाही. एक ताट शेजाऱ्यांकडे गेले. रिकामे ताट परत आले आणि त्यासोबत प्रश्नही आला, हे लाल आंबट काय आहे?

बेळगावला परतल्यावर मी त्या विद्यार्थ्याचा शोध घेतला. त्याच्या वर्गातल्या एकाने पत्ता दिला. आता तो पन्नाशीला आला आहे, स्वतःचा टेम्पो आहे, भाजी बाजारात घालतो. मी गेलो तेव्हा अंगणात टेम्पो धूत होता. पाया पडला, चहा झाला. मग मी त्याला १९८७ सालचा तास सांगितला, डबके सांगितले, आणि म्हणालो, "तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आलोय. छत्तीस वर्षं उशीर झाला. चूक माझी होती."

तो संकोचून हसला. "आठवतंय की, सर. पण तुम्ही मारलं नव्हतं ना. मग काय एवढं!" थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "मी चेष्टा नव्हतो करत. आमच्या गावतळ्यात उन्हाळ्यात पाणी आटलं की मासे वर येऊन तोंड उघडतात. वारा सुटला, पाणी हाललं की परत खाली जातात. म्हणून मला वाटलं, वर झाकणच बसलं तर त्यांचं काय होत असेल."

म्हणजे त्याने पाहिले होते. ज्या वर्गात त्याला विचारण्यात आले, 'परीक्षेत काय येते', त्या वर्गात पाण्यातला प्राणवायू संपतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला तो एकटाच होता. आणि मी त्यालाच बाहेर उभे केले.

तिकडच्या शाळा मोठ्या आणि आपल्या लहान, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या शाळेने या सीमाभागात किती अडचणीत काय काय उभे केले, ते मी जवळून पाहिले आहे. पण एक कबुली देतो. या धड्यासाठी 'होपचे उपकरण' लागते. उंच भांडे, वर आणि खाली एकेक तापमापक, मधल्या पन्हाळीत बर्फ आणि मीठ. खालचा तापमापक ४ अंशांवर येऊन थांबतो आणि वरचा शून्यापर्यंत उतरत जातो. हे उपकरण आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात माझ्या आधीपासून होते. एकतीस वर्षांत मी ते एकदाही बाहेर काढले नाही. बर्फ कुठून आणायचा, तास पुरत नाही, असे म्हणत राहिलो. मासळी बाजार आपल्यापासून किती लांब आहे?

मुख्याध्यापकांना आणि विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे. उपकरण अजून शाबूत असेल तर नववीच्या वर्गापुढे तो प्रयोग मी करून दाखवीन. बर्फ आणि मीठ मी घेऊन येतो. माझा तो विद्यार्थीही यायला तयार आहे, गावतळ्याचे तो सांगेल. मुलांनी फक्त प्रश्न आणावेत. उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, आपण शोधू' असे मी या वेळी सांगेन.